तिकिटाआधीची तपासणी



येत्या फेब्रुवारीत केनियातील अंबोसेली राष्ट्रीय उद्यानात सर्वांनी मिळून जावे, असा नातवंडांचा आग्रह होता. चिरंजीव विमानाची तिकिटे काढण्याच्या तयारीत असताना मी त्यांना थांबविले. कर्ज मंजूर करण्यापूर्वी कागदपत्रे तपासण्याची बँकेतील सवय निवृत्तीनंतरही सुटलेली नाही.

प्रथम ऋतू पाहिला. मार्च ते मे हा तेथील मोठा पावसाळा. वाटा चिखलाने अडतात. जानेवारी-फेब्रुवारी व जून ते ऑक्टोबर हे कोरडे महिने. त्या काळात हत्तींचे कळप दलदलीच्या पाण्याकडे येतात. चातुर्मासात प्रवास टाळणाऱ्यांना अर्थातच फेब्रुवारी सोयीचा.

नंतर दिनक्रम. विषुववृत्त जवळ असल्याने सूर्यास्त वर्षभर साडेसहाच्या सुमारास होतो आणि सायंकाळची फेरीही त्याच वेळेपर्यंत चालते. चौविहार पाळणाऱ्यांनी लवकर परतण्याचे चालकाशी आधीच ठरवावे. पहाटेची फेरी मात्र चुकवू नये; ५,८९५ मीटर उंचीचे किलिमांजारो शिखर बहुधा सकाळीच ढगांबाहेर दिसते. खाखरे-ठेपले डब्यात न्यावेत. केनियात २०१७ पासून प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे.

शेवटी पीतज्वराची लस. केनियाहून भारतात परतताना तिचे प्रमाणपत्र दाखवावे लागते. नसल्यास विलगीकरणात राहण्याची वेळ येते. लस शासनमान्य केंद्रातच मिळते आणि घेतल्यानंतर १० दिवसांनी प्रमाणपत्र ग्राह्य होते. वयाची साठी ओलांडलेल्यांनी ती वैद्यकीय सल्ल्यानेच घ्यावी.

येथेच आमचा बेत अडला. सौभाग्यवतींना संधिवातासाठी प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधे चालू आहेत. डॉक्टरांनी ही लस त्यांच्यासाठी वर्ज्य असल्याचे स्पष्ट सांगितले. त्या म्हणाल्या, "तुम्ही सगळे जा, मुलांचा हिरमोड नको." दोन दिवस घरात या विषयावर कोणी बोलले नाही.

अखेर ठरले ते असे : मुले-नातवंडे अंबोसेलीला जातील आणि आम्ही उभयता हिवाळ्यात गीरचे सिंह पाहू. नातीने मात्र अट घातली आहे की, परतल्यावर हत्तींची सर्व छायाचित्रे आजीने तिच्या शेजारी बसूनच पाहावीत.

आपल्या घरी असा बेत शिजत असेल, तर तिकिटांपूर्वी ज्येष्ठांच्या औषधांची यादी डॉक्टरांपुढे ठेवा. आमच्याकडे ती सर्वांत शेवटी निघाली.