फलाटावरची बकरी

मुलांच्या कामात चूक शोधायची ही आम्हा मास्तर लोकांची जुनी खोड. लग्नाच्या दावतीतसुद्धा आमची नजर आधी पत्रिकेतल्या शुद्धलेखनावर जाते. या खोडीपायी गेल्या महिन्यात आमची चांगलीच फजिती झाली.

आमची कुंभारी सोलापूरहून अक्कलकोटकडे जाणाऱ्या रस्त्यावर. गोदूताई परुळेकरांच्या नावाची बिडी कामगारांची दहा हजार घरांची वसाहत इथलीच. अशाच एका घरातल्या सातवीच्या मुलाने शाळेच्या प्रदर्शनात काड्यापेट्यांची ‘बार्शी लाइट’ मांडली होती. तीन पेट्या जोडून एक डबा, खराट्याच्या काड्यांचे रूळ, आणि दिव्याच्या खांबांच्या जागी चक्क बिड्या!

“बेटा, शाळेत बिडी?”

“सर, आत तंबाखू नाही. अम्मीने नुसतं पान वळून दिलंय.”

फलाटावर अंगठ्याएवढी मातीची बकरी उभी होती. गळ्यात चिठ्ठी: ‘अर्धे तिकीट’.

“आणि ही?”

“पंढरपूरला चाललीय, सर.”

पोरे खो खो हसली. आम्ही मात्र कपाळाला आठी घातली. “हे विज्ञान प्रदर्शन आहे, सर्कस नाही,” असे म्हणून बकरी काढायला लावली. त्याने ती निमूटपणे खिशात घातली. त्यानंतर दिवसभर त्या टेबलापुढे कुणी फारसे थांबले नाही. तोही स्टुलावर गप्प बसून राहिला.

संध्याकाळी वर्ग बंद करताना आम्ही सहज पट्टी काढून त्याचे रूळ मोजले. दोन रुळांमधले अंतर ९ मिलिमीटर! आम्ही चमकलो. खरी बार्शी लाइट १८९७ साली सुरू झाली. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरची ही अरुंद रेल्वे, रुळांमधले अंतर ७६२ मिलिमीटर. आणि छोट्या रेल्वेचा छंद असणाऱ्यांचे जगभरातले सर्वांत लाडके प्रमाण म्हणजे १:८७. भागाकार करा: पावणेनऊ मिलिमीटर. साडेसहा सेंटिमीटरची बिडी या मापाने साडेपाच मीटरहून थोडा उंच खांब होते. म्हणजे पोराने गंमत केली नव्हती, हिशेब केला होता!

मग आम्हाला पुण्याची सहल आठवली. कोथरूडला भाऊ जोशी यांनी उभारलेले छोट्या रेल्वेचे संग्रहालय आहे. ते १९९८ साली सुरू झाले, आणि तारीख कोणती? १ एप्रिल! तिथल्या इवल्या शहरात गाड्या धावतात, सिग्नल पडतात आणि शेजारी सर्कसही आहे. याच मुलांबरोबर आम्ही ती सर्कस बघून टाळ्या पिटल्या होत्या. आणि इथे एका बकरीला हाकलले!

या छंदात थट्टेला मोठा मान आहे. अमेरिकेत कॅलिफोर्नियात जॉन अ‍ॅलन नावाचे गृहस्थ होते. त्यांच्या छोट्या रेल्वेतले डोंगर, पूल, गंजके डबे इतके हुबेहूब, की फोटो पाहून खरे वाटावे. त्या यार्डात डबे ओढायला मात्र ठेवला होता एक डायनासोर, नाव एम्मा! १९७३ साली अ‍ॅलन गेले आणि काही दिवसांतच आगीत बहुतेक मांडणी जळाली. पण छंदी माणसे एम्माला अजून विसरलेली नाहीत. जर्मनीत हॅम्बुर्गला २००१ पासून प्रचंड मोठी छोटी रेल्वे आहे. तिथेही माणसांच्या गर्दीत बारीकसारीक गमती दडवलेल्या असतात. ज्याने वाकून पाहिले, त्यालाच सापडतात.

बाकी सारे मापात असते, म्हणून त्यातली एकच वेडी गोष्ट हसवते. सगळेच वेडेवाकडे असेल तर हसायचे कशाला?

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलाला बोलावले. “रुळांचे माप कुठून काढलेस?”

“तुम्हीच गुणोत्तर शिकवलंत ना, सर. सहलीत १:८७ पण सांगितलं होतं.”

आम्ही घसा साफ केला. “मग बकरी चुकली. अंगठ्याएवढी म्हणजे तुझ्या मापाने चार मीटरहून उंच. ती डब्यात बसायची कशी?” पोराचा चेहरा उतरला. “म्हणून ती नीट करून परत ठेव. आणि काल तुझ्यावर उगाच रागावलो, बेटा. चूक आमची होती.”

त्याने वहीत भागाकार केला. सत्तर सेंटिमीटरची बकरी, भागिले ८७: आठ मिलिमीटर. वाटाण्याएवढी! तासाभरात ती फलाटावर हजर. आता लांबून काहीच दिसेना. पण कुणीतरी वाकले, बोट दाखवले, हसले, आणि दुसऱ्याला बोलावले. दुपारी त्याची अम्मी आली. बुरख्याचे टोक सावरत वाकली. आधी आपल्या हातच्या बिड्यांचे खांब ओळखले, मग बकरी. तिचे हसू थांबेना.

आम्हीही चष्मा पुसून पाहिले. “अरे, हिचे अर्धे तिकीट कुठे गेले?”

“आहे, सर,” पोरगा गंभीरपणे म्हणाला, “पण या मापात मास्तरांना दिसत नाही.”