शेतकऱ्यांचा ‘ऱ्य’ मोडतो कोण?

मराठी वृत्तवाहिनीच्या पट्टीवरची चूक हा आता सुशिक्षित मराठी माणसाच्या करमणुकीचा विषय झाला आहे. पडद्याचा फोटो काढायचा, चुकलेल्या शब्दाभोवती लाल वर्तुळ काढायचे आणि ‘यांना मराठी कोण शिकवणार?’ असे लिहून गटात टाकायचे. खाली हसरे चेहरे येतात, दोन-चार जण मातृभाषेच्या भवितव्याबद्दल हळहळतात, एखादे निवृत्त गुरुजी ऱ्हस्व-दीर्घाचा नियम सांगतात. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा जाहीर झाला, तेव्हापासून या वर्तुळांना जास्तच धार आली आहे. अभिजात भाषा आणि तिची ही दशा!

मी त्या वर्तुळाच्या आतल्या बाजूला काम करते. नोएडातून चालणाऱ्या एका मराठी वृत्तवाहिनीत, ग्राफिक्सच्या टेबलावर, रात्री अकरा ते सकाळी आठ. महाराष्ट्राच्या बाहेर बसून मराठी बातम्या चालवणे यात नवे काही नाही. ई टीव्ही मराठी २००० साली सुरू झाली तेव्हा तिचा बातम्यांचा कारभार हैदराबादेजवळच्या रामोजी फिल्म सिटीतून चालायचा आणि महाराष्ट्रातून गेलेली कितीतरी तरुण मुले तिथे बातमीदारी शिकली. तेव्हा ‘दिल्लीकडच्यांना काय मराठी येणार’ हा शेरा कृपया बाजूला ठेवावा. माझे म्हणणे एवढेच आहे की पट्टीवरच्या बहुतेक चुका मराठी न येणाऱ्यांच्या नसतात. त्या थकलेल्या माणसांच्या आणि मराठीसाठी कधी तपासलेच नाही अशा यंत्रांच्या असतात. भाषेची काळजी असणाऱ्यांनी तिथे बोट ठेवायला हवे, आणि नेमके तिथेच ते कोणी ठेवत नाही.

आधी यंत्राचे सांगते. पट्टीवर सगळ्यात जास्त मोडणारा शब्द कोणता, असे विचारले तर उत्तर आहे ‘शेतकऱ्यांना’. मराठीत ‘र’ पुढच्या अक्षराला दोन तऱ्हांनी जोडला जातो. ‘आचार्यांनी’मध्ये तो डोक्यावर रफार होऊन बसतो, ‘आचाऱ्यांनी’मध्ये आडवा होऊन शेजारी राहतो. पहिले गुरू, दुसरे स्वयंपाकी. ‘दर्या’ म्हणजे समुद्र, ‘दऱ्या’ डोंगरातल्या. हिंदीला या आडव्या ‘र’ची गरज पडत नाही. हिंदी लिहिणारे लोक आपल्यापेक्षा कितीतरी जास्त, त्यामुळे देवनागरीची बरीच साधने त्यांचा विचार करून बनतात आणि मग ‘देवनागरी चालते’ म्हणून मराठीलाही तीच दिली जातात.

युनिकोडमध्ये हा आडवा ‘र’ लिहिण्याचे दोन मार्ग आहेत. एकात ‘ऱ’ हे वेगळे अक्षर वापरून त्याचा पाय मोडायचा. दुसऱ्यात साधा ‘र’, हलन्त आणि त्यानंतर डोळ्यांना न दिसणारे एक जोडचिन्ह. बातमीदाराने मोबाइलवर कोणता मार्ग वापरला हे त्यालाही ठाऊक नसते. त्याचा मजकूर बातमीच्या प्रणालीत येतो, तिथून ग्राफिक्सच्या यंत्रात जातो. वाटेतले एखादे सॉफ्टवेअर ‘नको असलेली अदृश्य चिन्हे’ साफ करते आणि जोडचिन्ह केरात जाते. ‘र’ उडी मारून ‘य’च्या डोक्यावर बसतो. माझ्या पडद्यावर शब्द बरोबर असतो, तुमच्या पडद्यावर तो मोडलेला असतो.

त्यात जुन्या साच्यांची भर. वाहिनीच्या काही पट्ट्या अजून युनिकोडपूर्व काळातल्या फॉन्टवर बेतलेल्या आहेत. हे फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्या जागांवर देवनागरीचे तुकडे चिकटवून बनवलेले. त्यामुळे मध्ये एक परिवर्तक लागतो, आणि त्याच्या तक्त्यात जे अक्षर नाही त्याच्या जागी रिकामा चौकोन येतो. ‘ॲ’ला युनिकोडमध्ये स्वतःचा संकेतांक मिळाला तो २००८ साली. त्याआधी तयार झालेल्या तक्त्याला ‘ॲम्ब्युलन्स’ कळणार कशी? अपघाताच्या बातमीत गाडीच्या जागी चौकोन धावतो आणि सकाळी लोक विचारतात, ‘हे काय?’

हे दुखणे फक्त मराठीचे नाही. नेपाळीलाही आडवा ‘र’ लागतो. बांगलाच्या खंड-तला स्वतंत्र संकेतांक २००५ साली मिळाला, मल्याळमच्या चिल्लू अक्षरांना २००८ साली. त्या भाषांची जुनी साधने वापरणाऱ्यांनीही असेच चौकोन आणि मोडकी अक्षरे पाहिली असतील. हे अंक अनेक भाषांतले वाचक चाळतात म्हणून मुद्दाम सांगते. आपल्या लिपीतले जे अक्षर बाजारातल्या मोठ्या भाषेला लागत नाही ते आधी मोडते, आणि दोष लिहिणाऱ्या हाताला मिळतो.

आता त्या हाताकडे वळू. पहाटे साडेतीन ते पाच ही वेळ सगळ्यात वाईट. डोळे उघडे असतात, पण वाचलेले वाक्य आत पोचत नाही. याच वेळी सकाळच्या बातमीपत्राच्या पट्ट्या भरायच्या असतात, मंत्र्यांच्या दौऱ्याचे, पावसाचे, बाजारभावाचे मजकूर येत असतात. दिवसा तीन माणसे जे काम करतात त्याला रात्री एक असतो. मुद्रितशोधक रात्री नसतो. दिवसाही एकच होता, तो निवृत्त झाल्यावर ती जागा भरली नाही.

छापील वर्तमानपत्रांच्या रात्रपाळीला एकेकाळी कायद्याचा आधार होता. श्रमिक पत्रकारांसाठी १९५५ साली कायदा झाला आणि १९५७ साली त्याचे नियम आले. रात्री अकरा ते पहाटे पाच यातला कोणताही वेळ ज्या पाळीत येतो ती रात्रपाळी, असे त्या नियमांनी ठरवले. दिवसपाळी सहा तासांची, तर रात्रपाळी जेवणाची सुट्टी वगळून साडेपाच तासांची. सलग एका आठवड्याहून जास्त रात्रपाळी नाही, आणि चौदा दिवसांत एकाच आठवड्याची. सगळ्या मालकांनी हे पाळले असे मी म्हणत नाही. पण रात्रीचा तास दिवसाच्या तासापेक्षा महाग असतो, हे १९५७ साली या देशाला कळले होते.

दूरचित्रवाणी त्या कायद्यात नव्हती. असणार कशी, दिल्लीत पहिले प्रक्षेपण झाले तेच १५ सप्टेंबर १९५९ रोजी. पुढे कितीतरी वर्षे रात्री पडदा बंद व्हायचा आणि काम करणारेही घरी जायचे. मग चोवीस तासांच्या वाहिन्या आल्या, मराठीत त्या २००७ साली आल्या. कायदा मात्र तिथेच राहिला. अखेर २०२० च्या श्रमसंहितेने ‘श्रमिक पत्रकार’ या व्याख्येत इलेक्ट्रॉनिक माध्यमांना घेतले, आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून या संहिता लागू झाल्याचे सरकारने जाहीर केले. त्या व्याख्येत संपादक आहे, उपसंपादक आहे, व्यंगचित्रकार आहे, मुद्रितशोधकही आहे. पट्टी भरणारा ग्राफिक्सवाला नावाने कुठेच नाही. तुम्ही ज्याचे मराठी तपासता त्याला कायदा लिहिणाऱ्यांमध्ये मोजत नाही.

‘पण रुग्णालयात, रेल्वेत, पोलिसांतही लोक रात्रपाळी करतात, तुमचेच काय मोठे?’ असे विचारले जाते. प्रश्न रास्त आहे. परिचारिका रात्री जागते तेव्हा समोर रुग्ण असतो. आमच्याकडे भूकंप किंवा निवडणुकीची रात्र सोडली तर पहाटे तीनला जे चालते ते बहुतेक रात्री अकराचेच असते, फक्त पट्टी ताजी दिसली पाहिजे. ‘चोवीस तास’ या दोन शब्दांची पाटी झळकत राहावी म्हणून माणसे जागवली जातात. बरे, जागवा. पण मग परिचारिकेला आणि आम्हाला दोघांनाही रात्रीचा हिशेब रात्रीच्या दराने द्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ साली रात्रपाळीला ‘बहुधा कर्करोगकारक’ गटात घातले आणि २०१९ साली फेरविचार करून तेच कायम ठेवले. हा धोका पगाराच्या कागदावर ‘रात्रभत्ता’ नावाच्या एका किरकोळ ओळीत मावतो.

उरलेली किंमत घर भरते. ती किती, हे पट्टीवर हसणाऱ्यांना दिसत नाही म्हणून थोडे घरातले सांगते. मी नऊच्या सुमारास पोचते तेव्हा मुलगी शाळेत गेलेली असते. डबा तिच्या बाबाने भरलेला असतो, पण दुपारचा स्वयंपाक, मशीनमधले कपडे आणि गॅसवाल्याची वाट पाहणे माझ्याकडे, कारण ‘तू घरीच असतेस ना’. झोप साडेदहा ते अडीच. खिडकीच्या काचांना वर्तमानपत्रे चिकटवली आहेत. शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या, ध्वनिमुद्रित आवाजात ओरडत जाणारा भंगारवाला, दाराशी ओटीपी मागणारा मुलगा. मे महिन्यात दुपारी वीज गेली की सोसायटीच्या जनरेटरवर पंखा चालतो, एसी चालत नाही, आणि चव्वेचाळीस अंशांत पंखा गरम हवाच फिरवतो. सासूबाई मिरजेहून आल्या की दार लोटून घेतात, मुलीला ‘आई झोपलीय गं, हळू’ म्हणून दटावतात. पण शेजारणीने ‘बहू दिन में सोती है?’ विचारले की त्यांनाच उत्तर द्यावे लागते, आणि ते देताना त्यांचा आवाज खाली जातो.

आणि या चार तासांत, बरोबर अकराच्या आसपास, फोन वाजतो. कार्यालयाच्या गटात कुणीतरी पट्टीचा फोटो टाकलेला असतो. तुमचेच ते लाल वर्तुळ, फिरत फिरत वरिष्ठांपर्यंत पोचलेले. ‘तासाभरात लेखी खुलासा द्या.’ मी उठते, लॅपटॉप उघडते, बातमीच्या प्रणालीत ‘शेतकऱ्यांना’ बरोबर लिहिले आहे याचा फोटो काढते, पाठवते. उत्तर ठरलेले असते, ‘प्रसारित होण्याआधी तपासायला हवे होते.’ कशावर तपासायचे? अंतिम चित्र दिसणारा पडदा नियंत्रण कक्षात आहे, माझ्या टेबलावर नाही. तो मागून आता दोन वर्षे होत आली. तोवर झोप मोडलेली असते, मुलगी तीनला येते, आणि रात्री अकराला मी पुन्हा त्याच टेबलावर, आदल्या रात्रीपेक्षा थोडी अधिक चुकू शकेल अशी माणूस होऊन.

‘रात्रपाळी’ हा शब्द मुंबईच्या गिरण्यांनी घराघरांत नेला. गिरणगावात एकाच खोलीत माणसे पाळीपाळीने झोपायची. ती काही सुखाची गोष्ट नव्हती. पण भोंगा सगळ्या वस्तीला ऐकू यायचा; कोण कामावर गेला, कोण आत्ता येऊन पडला, हे चाळीला माहीत असायचे. रात्रपाळीच्या माणसाला निदान वस्तीत नाव होते. आमचा भोंगा कुणाला ऐकू येत नाही. लोकांना दिसते ती फक्त पट्टी, आणि पट्टीतली चूक.

गेल्या वर्षी फेब्रुवारी २०२५ मध्ये दिल्लीत मराठी साहित्य संमेलन झाले. राजधानीत ते १९५४ नंतर पुन्हा भरले याचा मलाही आनंद झाला. भाषेवर पुष्कळ बोलले गेले. पण मराठी भाषा आज सर्वाधिक डोळ्यांपर्यंत पोचते ती पट्ट्यांमधून, आणि त्या पट्ट्या कोण, किती वाजता, कोणत्या यंत्रावर लिहितो, हा विषय आपल्या कुठल्याच व्यासपीठावर येत नाही. कवीच्या मानधनावर आपण बोलतो, अनुवादकाच्या नावावर बोलतो. ते बरोबरच आहे. मग रात्री लिहिणाऱ्यांवर का नाही?

मागण्या फार नाहीत. १९५७ चा नियम टेबलावर बसणाऱ्या प्रत्येकाला लावा: साडेपाच तास, चौदा दिवसांत एकच आठवडा. रात्री एक मुद्रितशोधक बसवा. टेबलावर अंतिम चित्राचा पडदा द्या. आणि कोणतेही यंत्र विकत घेण्याआधी त्यात आठ शब्द लिहून पाहा: शेतकऱ्यांना, आचाऱ्यांनी, दऱ्या, कुऱ्हाड, तऱ्हा, ॲम्ब्युलन्स, ज्ञानेश्वर, पंढरपुरातल्या. हे शब्द जसे लिहिले तसे उमटले नाहीत, तर विक्रेत्याला परत पाठवा. या तपासणीला पाच मिनिटे लागतात आणि एक मराठी माणूस लागतो.

राहिले फोटो काढणारे. फोटो जरूर काढा, चूक ती चूकच. पण तो मित्रांच्या गटात टाकण्याऐवजी वाहिनीच्या संपादकांना पाठवा आणि सोबत तीन प्रश्न लिहा: हे कोणत्या यंत्रावर उमटले? त्या वेळी टेबलावर किती माणसे होती? मुद्रितशोधक होता का? चुकलेल्या शब्दाभोवती वर्तुळ काढाल तेव्हा पडद्याच्या कडेला जे घड्याळ असते त्याभोवतीही एक काढा. बऱ्याचदा तिथे चार वाजून काही मिनिटे झालेली दिसतील.