सवयीची मालकी

वीस वर्षे एकाच टेबलावर काम केलेल्या लिपिकाचे कसब कशात सामावलेले असते, असे विचारले तर नियमांची माहिती, टिपणीची भाषा, जुनी फाइल कोणत्या कपाटात आहे याचे स्मरण, अशी उत्तरे येतील. त्याच्या बोटांना जे ठाऊक असते त्याची गणना सहसा कोणी करीत नाही. वस्तुतः दिवसाकाठी किती पत्रे हातावेगळी होतात हे पुष्कळसे त्या बोटांवरच अवलंबून असते. गॅरी बेकर या अर्थशास्त्रज्ञाने १९६४ च्या आपल्या ग्रंथात शिक्षण व प्रशिक्षण यांना मानवी भांडवल मानून त्यांच्या परताव्याचा हिशेब मांडला. त्या दृष्टीने पाहिले तर सवय हेही भांडवलच ठरते. ते जमविण्यास वर्षे लागतात. त्याचा घसारा कोण ठरवितो, हा प्रश्न मात्र आपण विचारीत नाही.

२००७ साली मायक्रोसॉफ्टने ऑफिस या आपल्या संचातील परिचित मेनू काढून त्यांच्या जागी चित्रांची रुंद पट्टी आणली. २०१२ साली विंडोज ८ मधून ‘स्टार्ट’चे बटणच नाहीसे झाले, ओरड झाल्यावर पुढच्या वर्षी ते परत आले. या बदलांत काही सुधारणा होत्या हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु निर्णय एका जागी झाला आणि त्याची किंमत जगभरच्या कार्यालयांतील माणसांनी आपल्या वेळात व आपल्या चुकांत चुकती केली. कारखानदाराने यंत्र बदलले तर कामगारांच्या प्रशिक्षणाचा खर्च निदान कोणाच्या तरी जमाखर्चात दिसतो. येथे तो कोठेच दिसत नाही.

या व्यवस्थेला एक पर्याय गेली अनेक वर्षे अस्तित्वात आहे. आपल्या शिक्षकवर्गात त्याची वार्ता फारशी पोचलेली नाही, म्हणून थोडे तपशिलात जातो. लिनक्स या प्रणालीचा गाभा १९९१ साली लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने लिहावयास घेतला व पुढे हजारो लोकांनी तो वाढविला. या प्रणालीत पडद्यावर खिडक्या मांडण्याचे काम करणारा कार्यक्रम वेगळा असतो आणि तो ज्याचा त्याला निवडता येतो. ‘आय-थ्री’ हा त्यांपैकी एक. मिखाएल स्टॅपेलबर्ग या जर्मन प्रोग्रामरने २००९ साली तो सुरू केला. त्यात एक खिडकी दुसरीवर चढत नाही. दुसरी उघडली की पडद्याचे दोन भाग होतात, तिसरी उघडली की तीन. (सहाव्या खिडकीपाशी महाराष्ट्रातील वाचकास तुकडेबंदी कायद्याची आठवण झाल्यावाचून राहणार नाही, त्यावर उपाय म्हणून आकड्याच्या कळीने बदलता येतील असे दहा स्वतंत्र पडदे दिलेले असतात.) माऊसला हात लावण्याची गरज क्वचितच पडते.

या कार्यक्रमाचे मर्म त्याच्या फाइलीत आहे. कोणती कळ दाबली असता काय व्हावे, हे एका साध्या मजकुराच्या फाइलीत ओळीओळीने लिहिलेले असते. आरंभी ‘बाइंडसिम’ हा शब्द, त्यापुढे कळांची जोडी, त्यापुढे करावयाचे काम. एका ओळीत एक आज्ञा संपली. ओळ बदलावी, फाइल पुन्हा वाचण्यास सांगावे, की कळेचा अर्थ त्या क्षणापासून बदलतो. चूक झाली तर पडद्याच्या कडेला तसा इशारा येतो. ही फाइल वापरणाऱ्याच्या स्वतःच्या कप्प्यात असते. तिची प्रत काढता येते, ती दुसऱ्या संगणकावर नेता येते, मित्राला देता येते. म्हणजे जी सवय एरवी बोटांत मुकी राहते ती येथे लेखी स्वरूपात, मालकाच्या नावे उपलब्ध असते.

लेखी असण्याचे मोल प्रस्तुत लेखकास फार महाग पडून कळले. पदव्युत्तर वर्गात असताना कृषी अर्थशास्त्रावरील दोनेकशे पृष्ठांची टिपणे मी मराठीत टंकलिखित केली होती. युनिकोडचा प्रसार होण्यापूर्वी प्रत्येक कंपनीच्या मराठी अक्षरसंचाची संकेतव्यवस्था निराळी असे. ज्या कार्यक्रमात ती टिपणे लिहिली तो आज माझ्यापाशी चालत नाही, आणि फाइल उघडली असता रोमन अक्षरे व विरामचिन्हे यांची रास दिसते. साध्या मजकुराच्या फाइलीला हे भय बरेच कमी असते.

कळफलक आणि अर्थशास्त्र यांचा संबंध जुना आहे. इंग्रजी टंकलेखनयंत्रावरील अक्षरांची रचना एकदा रूढ झाल्यावर अधिक चांगली रचना उपलब्ध असूनही हटली नाही, असा सिद्धान्त पॉल डेव्हिड यांनी १९८५ साली मांडला. लीबोविट्झ व मार्गोलिस यांनी १९९० मध्ये त्याचा प्रतिवाद केला. दुसरी रचना खरोखर सरस असल्याचा पुरावाच तकलादू आहे, असे त्यांचे म्हणणे. या वादात शिरण्याचे येथे प्रयोजन नाही. पण अपघाताने पडलेली वाट पुढे राजमार्ग कशी होते याची उदाहरणे लिनक्सच्या जगातही विपुल आहेत. बिल जॉय यांनी १९७६ च्या सुमारास ‘व्हीआय’ हा संपादक लिहिला तो एडीएम-३ए या टर्मिनलवर. त्या यंत्रात एच, जे, के, एल या कळांवरच बाण छापलेले होते, म्हणून ‘व्हीआय’मध्ये त्या कळांनी इकडे-तिकडे जाता येते, यंत्र कधीच अडगळीत गेले, रूढी उरली. आय-थ्रीने हीच चौकडी बोटांच्या सहज बैठकीसाठी एक घर उजवीकडे सरकवली. ज्याला ते रुचत नाही तो चार ओळी बदलून ती पूर्ववत करतो. तडजोड सर्वांवर लादली जात नाही, हाच येथे फरक.

मराठी माणसाला यात काय, असे कोणी विचारील. देवनागरीत लहान-मोठी लिपी असा भेद नाही. तरीही डाव्या करंगळीजवळची मोक्याची जागा ‘कॅप्स लॉक’ ही कळ अडवून बसते. मराठीत लिहिताना तिचा उपयोग शून्य, उपद्रव मात्र नित्याचा. लिनक्सवर एका ओळीच्या आज्ञेने त्या कळेला इंग्रजी व मराठी यांमधील दार करता येते. दुसऱ्या बाजूस इन्स्क्रिप्ट रचना निवडली की १९९१ च्या भारतीय मानकाप्रमाणे डाव्या हाताखाली स्वर आणि उजव्या हाताखाली बहुतेक व्यंजने येतात. ती आज्ञा मी माझ्या फाइलीत सहा वर्षांपूर्वी घातली. त्यानंतर इंग्रजी परिच्छेदात मराठी शब्द लिहिताना माझा हात कळफलकावरून उठलेला नाही.

आता या मार्गाचे दोष. बदल तेथेही वरून येतात. २०११ साली ग्नोम या प्रचलित डेस्कटॉपचे रूप पार पालटले तेव्हा असंतोष माजलाच. पण त्याची संहिता खुली असल्यामुळे अर्जेंटिनातील एका वापरकर्त्याने जुने रूप घेऊन ‘माते’ हा वेगळा डेस्कटॉप सुरू केला, आणि तो आजही वापरात आहे. मूळ मालकाने टाकून दिलेली वस्तू उचलून चालविण्याचा हक्क परवान्यातच असणे, ही गोष्ट लहान नव्हे. अलीकडे पडद्यावर चित्र उमटविणारी जुनी यंत्रणा जाऊन ‘वेलँड’ ही नवी येत आहे. तिच्यावर चालणाऱ्या ‘स्वे’ या कार्यक्रमात आय-थ्रीची फाइल बहुतांशी जशीच्या तशी चालते, कारण त्याच्या कर्त्यांनी तसा निश्चयच केला होता. मराठीची माझी ती ओळ मात्र तेथे निराळ्या रीतीने लिहावी लागली, आणि त्यात एक रविवार गेला.

वेळेचा हा हिशेब प्रामाणिकपणे मांडला पाहिजे. एका दिवाळीच्या सुट्टीचा बराचसा भाग मी खिडक्यांच्या कडांचा रंग ठरविण्यात घालविला, उत्तरपत्रिका तशाच राहिल्या. विद्यार्थ्यांत तर याचे व्यसन जडलेले मी पाहिले आहे. फाइल सजत राहते, प्रकल्प पुढे सरकत नाही. शिवाय अशा संगणकाचा उपयोग दुसऱ्यास होत नाही. माझ्या मुलीने माऊस हलवून पाहिला, काही उघडेना, तेव्हा “बाबा, हे बिघडलंय” असा निकाल तिने दिला. तेव्हा प्रत्येकाने आपला संगणक असा घडवावा असे मी म्हणणार नाही. दहा-बारा ओळींवर थांबावे, एवढेच सुचवितो.

ज्याचा विचार झाला पाहिजे तो मुद्दा निराळा आहे. अशी फाइल व्यक्तीच्या खात्यात राहते. यंत्र सामायिक असले तरी खाते स्वतंत्र असेल तर एकाची सवय दुसऱ्याच्या आड येत नाही. पण आपल्या अनेक कार्यालयांत व महाविद्यालयांत चार माणसांस मिळून एक खाते आणि एकच परवलीचा शब्द, तोही पडद्याला चिकटविलेला, अशी रीत आहे. संगणक दिला, पण बसायला स्वतःची जागा दिली नाही, असा हा प्रकार. यासाठी अनुदान लागत नाही, खरेदी समिती लागत नाही. पाच मिनिटांचे काम आहे.

आमच्या ग्रंथालयातील दोन जुनी यंत्रे लिनक्सवर चालतात. तेथील लिपिक बाई पुस्तकांच्या नोंदी दोन्ही भाषांत करतात आणि ‘कॅप्स लॉक’च्या पायी दिवसातून अनेकदा ओळ पुसून पुन्हा लिहितात. मी माझी ती ओळ त्यांना दाखविली. “सर, ही माझ्यापुरती घालता येईल का?” असे विचारून त्यांनी ती वहीच्या मागच्या पानावर उतरवून घेतली. दोन यंत्रांवर तिघांचे एकच खाते आहे. स्वतंत्र खाते मिळावे असा अर्ज त्यांनी जूनमध्ये दिला असून तो अद्याप विचाराधीन आहे.