संगणक-सुरक्षेची परीक्षा आणि 'मान्यताप्राप्त' वर्ग

पदवीधर पुतण्यास सायबर-सुरक्षेच्या परीक्षेस बसवावयाचें आहे, तर 'मान्यताप्राप्त' वर्ग कोणता समजावा, असें नेसरीच्या एका कुटुंबप्रमुखांनीं आम्हांस विचारलें आहे. प्रश्न वेळेवर आला. सन २०१८ च्या ऑगस्टांत पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेचे सुमारें ९४ कोटी रुपये दोन दिवसांच्या हल्ल्यांत लुटले गेले. त्यानंतर या विद्येची निकड कोणास सांगावी लागत नाहीं. आणि निकड भासली कीं दुकानें उघडावयाचींच!

आमचें मत असें कीं, वर्गाआधीं परीक्षा निवडावी. मान्यता वर्गाच्या भिंतीवरील पाटीवर पाहूं नये. परीक्षा घेणाऱ्या संस्थेच्या स्वतःच्या यादींत पाहावी. शिवाय प्रत्येक परीक्षेस तिची गरज सारखी नाहीं. कॉम्पटियाची 'सिक्युरिटी प्लस' ही प्राथमिक परीक्षा घरीं अभ्यास करूनही देतां येते. 'सी. ई. एच.' या, संगणकांतील छिद्रें परवानगीनें शोधण्याच्या परीक्षेस मात्र ई. सी. कौन्सिलच्या अधिकृत वर्गांतून न गेलेल्यास दोन वर्षांचा अनुभव दाखवावा लागतो. तेथें मान्यतेस खरी किंमत आहे. 'सी. आय. एस. एस. पी.' ची गोष्ट निराळी. वर्ग कितीही नामांकित असो, पांच वर्षांच्या अनुभवाची अट (पदवीमुळें त्यांतील एक वर्ष सुटूं शकतें) पुरी झाल्यावांचून तें प्रमाणपत्र हातीं येत नाहीं. तोंवर उत्तीर्ण झालेल्यास 'असोशिएट' एवढेंच म्हणवितां येतें. काल पदवी घेतलेल्या मुलाकडून या वर्गाची जबर फी घेणाऱ्यानें हें आधीं सांगावयास नको काय?

'सर्ट-इन'च्या सूचीचा दाखलाही कोणी पुढें करील. ही सरकारी संस्था सूचीवर घेते त्या सुरक्षेची तपासणी करणाऱ्या कंपन्या. अध्यापनाशीं त्या सूचीचा संबंध नाहीं.

फींत परीक्षेचें शुल्क धरलें आहे कीं नाहीं, हें लेखी घ्यावें. वर्ग पुरा केल्याचा कागद म्हणजे परीक्षेचें प्रमाणपत्र नव्हे. शिकविणारानें ती परीक्षा स्वतः दिली आहे काय, हेंही विचारावें. यांत संकोच कसला? सोयरीक जमवितांना आपण याहून कितीतरी अधिक चौकशी करतों.

मुलगा प्रवेशपरीक्षेस बसण्यास तयार असेल, तर सन १९८८ मध्यें पुण्यास स्थापन झालेल्या सी-डॅक या सरकारी संस्थेचा सुमारें सहा महिन्यांचा पदव्युत्तर पदविका-क्रम आधीं पाहावा. बाहेरगांवीं राहावें लागल्यास तो खर्च फीच्या जोडीनें हिशेबांत धरावा.