आधी पुसा, मग चमकवा!

"मेकॅनिकलला आहेस ना रे? मग गाडीला जरा हात लाव की!"

मागच्या दिवाळीत आबा असं म्हणाले आणि मी सापडलो. आबा म्हणजे माझे आजोबा. सहकारनगरला राहतात. त्यांच्याकडे १९८४ सालची निळी प्रीमियर पद्मिनी आहे. घरात मात्र सगळे तिला अजून 'फियाट'च म्हणतात. स्टिअरिंगलाच गिअरचा दांडा, क्रोमचे बंपर आणि कारखान्यातून आला तोच मूळ रंग!

मी ऐटीत वॅक्सचा डबा आणला, गाडी धुतली, थापलं आणि घासलं. संध्याकाळी गाडी झकास दिसली. सकाळी उन्हात पाहतो तर काय, बॉनेटभर ढगाळ डाग! आबा एवढंच म्हणाले, "वर्षानुवर्षांचं वॅक्स खाली तसंच आहे बाळा. तू मळावर मुलामा दिलास."

मित्रांनो, सेम संपल्यावर गेल्या महिन्यात ते सगळं निस्तरायला बसलो. दोन रविवार गेले, मेसची फीस्टही बुडाली. पण चार वर्षांत जर्नलं छापून जे कळलं नाही, ते तिथे कळलं. म्हणून हा लेखनप्रपंच.

जुनं वॅक्स पिवळं पडतं, धूळ धरून ठेवतं. ते नुसत्या शॅम्पूने निघत नाही. रंगाच्या दुकानात मिळणारं मिनरल टर्पेंटाइन सुती फडक्यावर थोडंसं घ्यायचं, आधी कोपऱ्यात कुठेतरी लावून पाहायचं आणि मग वीतभर जागा पुसत पुढे सरकायचं. थिनर मात्र नाही! त्याने वॅक्सबरोबर रंगही उतरतो. काम सावलीत, मोकळ्या हवेत करायचं आणि विडीकाडी ओढणाऱ्या मित्राला गेटबाहेर ठेवायचं. मग पुन्हा शॅम्पूने धुऊन पाणी ओतून पाहायचं. पाण्याचे टपोरे थेंब उभे राहिले तर वॅक्स शिल्लक आहे, पाणी सपाट पसरलं तर निघालं. व्हायव्हात मी 'काँटॅक्ट अँगल'ची व्याख्या घडाघडा म्हटली होती, पण तो डोळ्यांनी पाहिला तो आबांच्या बॉनेटवर!

यानंतरचा टप्पा धोक्याचा. आजच्या गाड्यांना रंगावर पारदर्शक क्लिअर कोट असतो, आबांच्या फियाटला तो नाही. उन्हाने रंगाचा वरचा थर मरतो, पांढुरका होतो. बारीक पॉलिशने हाताने घासलं की फडकं निळं होतं, म्हणजे निघतोय तो रंगच! सगळा थर जेमतेम एखाद-दोन केसांच्या जाडीचा. मी जोशात बॉनेटच्या कडेवर जरा जास्तच जोर लावला. कडेवर जागा कमी, त्यामुळे दाब जास्त, आणि रंगही तिथे पातळ. रुपयाएवढा तांबूस प्रायमर उघडा पडला. पोटात गोळाच आला. आबांनी त्यावर बोट फिरवलं नि म्हणाले, "राहू दे. आता हात कुठे थांबवायचा ते कळलं ना?"

शेवटी वॅक्स. चांगल्या वॅक्समध्ये कार्नोबा असतं, ब्राझीलमधल्या एका ताडासारख्या झाडाच्या पानांवरचं मेण. ते साधारण ८२ ते ८६ अंशांना वितळतं, म्हणून पुण्याच्या एप्रिलमध्येही तग धरतं. अगदी पातळ थर द्यायचा, धुरकट होईपर्यंत थांबायचं, बोट फिरवून स्वच्छ रेघ उमटली की मऊ फडक्याने पुसायचं. जाड थापलं तर जास्त टिकत नाही, फक्त पुसताना जीव जातो.

हॉस्टेलवर हे सांगितलं तर रूममेट म्हणतो, "एवढी मरमर कशाला? बाहेर मशीनने अर्ध्या तासात करून देतात!" देतात ना. मशीन वाईट नाही, कसबी हातात तर उत्तमच. पण घाईतल्या हाताला मशीनखाली किती रंग गेला ते कळत नाही. आणि आमचा हिशेब वेगळा आहे. २०२१ च्या नियमांप्रमाणे गाडी ५० वर्षांची झाली तरच 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. म्हणजे आमची २०३४ साली! बाबा म्हणतात, दर पाच वर्षांनी नोंदणीच्या खेपा कोण घालणार, भंगारात देऊन टाका. मुंबईतल्या पद्मिनी टॅक्सीसुद्धा ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेल्या. आबांना मात्र ही गाडी मूळ रंगातच २०३४ पर्यंत न्यायची आहे. आता त्यांचे हात थरथरतात. तेव्हा हा केसभर रंग पुरवून वापरायचं काम माझं.

आता मुद्द्याचं बोलतो. आपण काय करतो? फाइलिंगचा जॉब बाहेरून करून आणतो, प्रोजेक्ट रेडीमेड घेतो, कच्च्या राहिलेल्या विषयावर पुढच्या सेमचा विषय थापतो. सबमिशनच्या दिवशी सगळं चकाचक! इंटरव्ह्यूचं ऊन पडलं की ढगाळ डाग दिसतात. त्यात माझेही आहेत, नाकारत नाही.

सरांनाही एक विनंती. वर्कशॉपमागे ताडपत्रीखाली जुनं लेथ पडलंय. दर वर्षी एका बॅचला ते उघडून, पुसून, पुन्हा चालू करायला द्या. मार्क थोडेच ठेवा, पण हात काळे होऊ द्या. एखादा पार्ट आमच्याकडून बिघडेलही, पण तो बिघडला का, हे आम्ही जन्मात विसरणार नाही.

बॉनेटवरचा तो रुपयाएवढा डाग अजून तसाच आहे. गंज चढू नये म्हणून मी त्यावर दर महिन्याला वॅक्सचा हात फिरवतो. आबा खुर्ची टाकून बघत बसतात. परवा म्हणाले, "कडेला हलका हात हं!"

म्हटलं, "आबा, आता माहितीये."