शट डाऊन म्हणजे शट डाऊन!

मंडळी, या शनिवारी थोडं भांडायचं आहे. दुकानवाल्याशी, आपल्या धंद्याशी, आणि सगळ्यात जास्त स्वतःशी.

तर झालं असं. पप्पा आमच्या विरारच्या सोसायटीचे खजिनदार. मेंटेनन्स, टँकर, सगळा हिशोब घरच्या जुन्या डेस्कटॉपवर, एक्सेलमध्ये. काही महिन्यांपासून मशीनचं एक नाटक सुरू होतं. शट डाऊन केलं की स्क्रीन काळी होते, पण कॅबिनेटचा पंखा फिरतच राहतो. पप्पा फोन करायचे, मी विरार लोकलच्या गर्दीत चेपलेलो. "पप्पा, बटण दाबून धरा, होईल बंद." झालं! इंजिनिअर मुलाचा सल्ला.

मग वार्षिक सभेच्या आदल्या रात्री टँकरची फाईल उघडेना. बॅकअप तीन महिने जुना. रात्री दोनपर्यंत आम्ही दोघं पावत्या जुळवत बसलो. दुसऱ्या दिवशी सभेत कोणीतरी विचारलंच, "हिशोब अर्धवट कसा?" आयुष्यभर पै-पैचा हिशोब चोख ठेवलेला माणूस, त्याला उत्तर देता आलं नाही. मी मागच्या खुर्चीवर गप्प.

फाईल बटणामुळेच गेली हे मी कोर्टात सिद्ध करू शकणार नाही. पण इव्हेंट व्ह्यूअर उघडला तर कर्नल-पॉवर ४१ च्या नोंदींची रांग. म्हणजे 'मशीन नीट बंद न होता पुन्हा सुरू झालं'. लोक म्हणतात, हल्ली काही होत नाही हो, एनटीएफएस सांभाळून घेतं. अर्धसत्य! एनटीएफएसचं जर्नल फाईल सिस्टिमचा सांगाडा वाचवतं, अर्धवट लिहिलेल्या फाईलच्या आतला मजकूर नाही.

दुकानवाल्याचं निदान तयारच होतं. "फॉरमॅट मारू. नाहीतर नवीनच घ्या, विंडोज १० चा सपोर्ट पण गेला." सपोर्ट ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला हे खरं, आणि त्याचा विचार वेगळा करायलाच हवा. पण त्याचा पंखा फिरत राहण्याशी काय संबंध? ताप आला म्हणून घर बदला, असं डॉक्टर सांगतो का?

आता आपला धंदा. विंडोज ९५ च्या जमान्यात नारिंगी अक्षरांत पाटी यायची, की आता कॉम्प्युटर बंद करायला हरकत नाही. मग आपण स्विच दाबायचा. साधा, सरळ व्यवहार. २०१२ मध्ये विंडोज ८ आलं आणि सोबत 'फास्ट स्टार्टअप'. तेव्हापासून शट डाऊन दाबलं की तुमचे प्रोग्रॅम बंद होतात, पण कर्नल आणि ड्रायव्हर्सची अवस्था डिस्कवर लिहून ठेवली जाते आणि पुढच्या वेळी तीच उचलली जाते. पूर्ण नव्याने सुरुवात होते ती 'रीस्टार्ट'ने! म्हणजे 'बंद करा' अर्धवट बंद करतं आणि 'पुन्हा सुरू करा' पूर्ण. हे पप्पांनी कसं ओळखायचं? हार्ड डिस्क रखडत असताना या सोयीला अर्थ होता, मान्य. एसएसडी असलेल्या मशीनवर वाचतात ते थोडे सेकंद. त्यासाठी शब्दाचा अर्थच बदलायचा?

शेवटी मी रविवारी चाळीस मिनिटं बसलो. रीस्टार्ट केलं, व्यवस्थित. शिफ्ट दाबून ठेवून शट डाऊन केलं, म्हणजे पूर्ण शट डाऊन, तर पंखा थांबला! म्हणजे दोष या अर्धवट बंद होण्यातच. कंट्रोल पॅनलमधल्या पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन फास्ट स्टार्टअपची खूण काढली, त्रास बंद. मग मदरबोर्डच्या कंपनीच्या साईटवरून चिपसेटचा नवा ड्रायव्हर टाकला, मुद्दाम खूण परत लावली, तरीही पंखा थांबला. म्हणजे गुन्हेगार जुना ड्रायव्हर. तरी खूण काढूनच ठेवली आहे. खर्च शून्य रुपये.

तुमच्याकडे एवढ्याने भागलं नाही तर प्रिंटर, पेन ड्राइव्ह, सगळं यूएसबी काढून बघा. एकावेळी एकच गोष्ट बदला. ऑफिसात आपण असंच डीबग करतो ना? मग घरी का नाही?

जुलै २०१८ च्या पुरात वसई-विरारच्या अनेक भागांत लाईट नव्हती. त्याला आपला इलाज नाही. पण लाईट असताना स्वतःच्या हाताने रोज ती घालवायची, आणि वर घरच्यांना तसं करायला सांगायचं, याला काय म्हणावं?

क्लायंटचा सर्व्हर अडकला तर रात्री तीनला उठणारे आपण. पप्पांना मात्र "बटण दाबून धरा".

असो. आता दर रविवारी बॅकअप घेतो. पप्पा अजूनही शट डाऊन केल्यावर पंख्याला कान लावतात.