झाकण न उघडता घेतलेली यंत्रं

शिवजयंती जवळ आली की माझ्या फोनवर तोच निरोप फिरत येतो: मोडी ही मराठ्यांची गुप्त लिपी होती, शत्रूला ती वाचताच येत नसे. हे खोटं आहे. मोडी ही भराभर लिहिण्याची लिपी. कुलकर्ण्यापासून सावकाराच्या मुनिमापर्यंत हजारो माणसं ती रोज लिहीत. इंग्रजांच्या कचेऱ्यांतही ती चालली आणि पुण्याच्या पेशवे दफ्तरात तिचे कागद कोट्यवधींनी पडून आहेत. मोडी जाणणारा एक कारकून फितूर झाला की मजकूर उघडा पडे. म्हणूनच नाजूक गोष्ट जासुदाकडून मुखजबानी कळेल, असं त्या पत्रांतच लिहिलेलं सापडतं. आपले पूर्वज लिपीवर भरवसा ठेवण्याइतके भाबडे नव्हते. भाबडे आपण आहोत.

या पोकळ अभिमानाची मला चीड येते, कारण आपल्याच काळातली एक लाजिरवाणी गोष्ट आपण त्याच्याआड विसरून गेलो. 11 फेब्रुवारी 2020 रोजी वॉशिंग्टन पोस्ट आणि जर्मन व स्विस दूरचित्रवाणी वाहिन्यांनी मिळून एक बातमी फोडली. स्वित्झर्लंडमधल्या त्सुगची क्रिप्टो एजी ही कंपनी कित्येक दशकं जगभरच्या सरकारांना निरोप गुप्त करणारी सायफर यंत्रं विकत होती. 1970 मध्ये अमेरिकेच्या सीआयएने आणि पश्चिम जर्मनीच्या गुप्तचर खात्याने ती 57 लाख 50 हजार डॉलरला गुपचूप विकत घेतली होती. लिक्टेनस्टाइनमधल्या वकिलांच्या आड मालकाचं नाव दडवलं होतं. जर्मन 1990च्या दशकात बाहेर पडले, अमेरिकन 2018 पर्यंत राहिले. गिऱ्हाईक देशांची संख्या शंभरावर होती. त्यात इराण होता, अर्जेंटिना होता, पाकिस्तान होता आणि भारतही होता.

म्हणजे आपल्या करदात्यांचा पैसा मोजून आपण कुलूप आणलं आणि त्याची दुसरी किल्ली विकणाऱ्याच्या खिशात होती. चार दिवस बातमी चालली. मग सगळं शांत.

मी गणिताचा मास्तर. रायगड जिल्ह्यातल्या वडखळच्या आसपासच्या मुलांना लसावि-मसावि शिकवण्यात आयुष्य गेलं. या यंत्रांचं गणित त्याच इयत्तेचं आहे, म्हणून सांगतो. कंपनीचा संस्थापक बोरिस हागेलिन याचं सर्वांत गाजलेलं यंत्र म्हणजे अमेरिकी लष्कराचं एम-209. दुसऱ्या महायुद्धात अशी सुमारे 1 लाख 40 हजार यंत्रं बनली. विजेची गरज नाही, हाताने मूठ फिरवायची. आत सहा चक्रं, त्यांवर अनुक्रमे 26, 25, 23, 21, 19 आणि 17 खुंट्या. प्रत्येक अक्षरामागे सगळी चक्रं एकेक घर सरकतात. या सहा आकड्यांतल्या कुठल्याही दोघांना 1 शिवाय सामाईक विभाजक नाही, त्यामुळे लसावि म्हणजे थेट गुणाकार: 10,14,05,850. इतकी अक्षरं लिहून झाल्याशिवाय चक्रं पहिल्या जागी येत नाहीत. देखणी रचना आहे, आणि ती करणाऱ्याबद्दल मला आदर आहे.

पण हा दहा कोटींचा आकडा म्हणजे संरक्षण नव्हे, आणि इथेच राज्यकर्ते फसतात. हे यंत्र चक्रांच्या मांडणीतून निघणाऱ्या किल्लीच्या अंकातून अक्षराचा अंक वजा करतं. दोन निरोप चक्रांच्या एकाच मांडणीवर पाठवले आणि ते एकमेकांतून वजा केले, की किल्ली उडून जाते आणि हातात फक्त दोन निरोपांतला फरक उरतो. त्यातून नेहमीचे शब्द ताडून माणूस मजकुरापर्यंत पोचतो. जर्मनांनी अमेरिकनांचे एम-209 निरोप असेच फोडले. त्याच जर्मनांना स्वतःच्या एनिग्मा या सायफर यंत्राचा गर्व होता. आर्थर शेर्बियसने 1918 मध्ये एनिग्माचं पेटंट मागितलं आणि आधी ते व्यापाऱ्यांना विकायला काढलं, लष्कराने नंतर उचललं. कोटी-अब्जांच्या शक्यता मोजून जर्मन सेनापती निश्चिंत झोपले. 1932 च्या अखेरीस पोलंडच्या मारियान रेयेव्स्की या तरुण गणितज्ञाने त्याची आतली जोडणी शोधून काढली.

ऑगस्ट केर्कहॉफ्स या भाषापंडिताने 1883 मध्येच लिहून ठेवलं होतं की यंत्र शत्रूच्या हाती पडणारच असं धरून चाला. गुपित फक्त किल्लीत असावं. याचा अर्थ, ज्या यंत्राचं आतलं गणित विकणारा दाखवत नाही, ते विकत घेणाऱ्या सरकारने आपलं डोकं गहाण टाकलं.

चक्रांच्या काळात निदान खुंट्या मोजता येत होत्या, पण फसवणुकीची सुरुवात तेव्हाच झाली. हागेलिन आणि अमेरिकेचा गूढलेखनतज्ज्ञ विल्यम फ्रीडमन यांची जुनी मैत्री. कुठल्या देशाला चांगलं यंत्र द्यायचं आणि कुठल्याला हलकं, याचा समझोता त्या दोघांनी 1950च्या दशकातच केला. पुढे 1967 मध्ये एच-460 हे इलेक्ट्रॉनिक यंत्र आलं. त्याचं अंतरंग अमेरिकेच्या एनएसए या गुप्तचर संस्थेने आखून दिलं होतं. बाहेरून पाहता किल्ली अगदी अनियमित दिसे, पण ज्याला माहीत आहे त्याला ती लवकर उलगडावी अशी आतली रचना. कंपनीची विक्री 1970 मध्ये दीड कोटी स्विस फ्रँक होती, 1975 मध्ये ती 5 कोटी 10 लाखांवर गेली. फसवणुकीचा खर्च गिऱ्हाइकांनीच भागवला आणि वर नफाही दिला.

कंपनीच्या हान्स ब्यूलर या विक्रेत्याचं काय झालं ते वाचून माझा संताप अनावर झाला. मार्च 1992 मध्ये इराणने त्याला हेर म्हणून तेहरानमध्ये पकडलं. नऊ महिने तो कैदेत होता. त्या बिचाऱ्याला काहीच ठाऊक नव्हतं, तो प्रामाणिकपणे यंत्रं विकत होता. दहा लाख डॉलर भरून त्याला सोडवलं गेलं, आणि मग कंपनीने त्याला कामावरून काढून तेच पैसे त्याच्याकडे मागितले. ही या धंद्याची माणुसकी. पीटर फ्रुटिगर या अभियंत्याने सीरियाला विकलेल्या यंत्रांतली खोट दुरुस्त करून दिली, तर 1977 मध्ये त्याला घरी बसवलं.

आता कोणी म्हणेल, हे सगळं 2020 मध्ये कळलं, आधी कोणाला कसं समजणार? समजणाऱ्यांना समजत होतं. सोव्हिएत संघ आणि चीन या कंपनीचे गिऱ्हाईक कधीच झाले नाहीत. ब्यूलरच्या अटकेने सगळ्या जगाला इशारा दिला होता. 1995 मध्ये बाल्टिमोर सन या दैनिकाने ही यंत्रं खोटी असल्याचं सविस्तर छापलं. त्यानंतरही कंपनीचा धंदा 23 वर्षं चालला.

दुसरा बचाव असा की गरीब, नवस्वतंत्र देशाला पर्याय नव्हता. हा बचाव मला मुळीच मान्य नाही. एकदाच वापरून जाळून टाकायच्या किल्लीची वही पहिल्या महायुद्धाच्या काळापासून माहीत होती, आणि ती नीट वापरली तर फुटूच शकत नाही, हे क्लॉड शॅननने 1949 मध्ये गणिताने सिद्ध करून छापलं होतं. तिला लागतो कागद, शिस्त आणि विश्वासू कारकून. गणित म्हणाल, तर आमच्या धरमतरच्या खाडीतून बाहेर पडून समुद्र ओलांडला की समोर मुंबई. तिथे टाटा मूलभूत संशोधन संस्थेने 1960 मध्ये टिफ्रॅक हा संगणक स्वतः बांधून चालवला. दामोदर धर्मानंद कोसंबींसारखा गणिती 1962 पर्यंत त्याच संस्थेत होता. बंगळुरात भारत इलेक्ट्रॉनिक्स 1954 मध्ये निघाली. डोकी होती, कारखाना होता. कमी पडली ती झाकण उघडून पाहायची हिंमत.

तिसरा बचाव सगळ्यांत घाणेरडा: वाचत होते ते मित्र होते. 1971 च्या डिसेंबरमध्ये याच मित्राने, म्हणजे अमेरिकेने, एंटरप्राइज ही विमानवाहू नौका बंगालच्या उपसागरात आपल्या दिशेने धाडली. क्रिप्टो एजीची खरेदी त्याच्या आदल्याच वर्षी झाली होती.

वडखळ नाक्यावर खाडीची मासळी विकणाऱ्या बाईच्या तराजूपासून डोलवीच्या पोलाद कारखान्याचे ट्रक तोलणाऱ्या वजनकाट्यापर्यंत प्रत्येकाला वैधमापन निरीक्षकाची तपासणी लागते. शिक्का नसेल तर दंड. किलोभर बोंबलाला जी तपासणी लागते, ती देशाच्या गुपिताला लागू नये?

आणि आपण शिकलो काय? तहसील कचेरीचा निरोप तलाठ्याला, तलाठ्याचा पोलीस पाटलाला, अंबा नदीच्या पुराचा इशारा गावाला, सगळं एका परदेशी कंपनीच्या ॲपवर जातं. त्या ॲपच्या कुलपाचा आराखडा जाहीर आहे हे मी मान्य करतो, पण ॲपचं अंतरंग बंदच आहे, आणि कोण कोणाशी कधी बोललं याची नोंद त्या कंपनीकडे जाते. सरकारी कामाला ही सवय लावणाऱ्या वरिष्ठांना याचा जाब विचारायला हवा. एक पाऊल मात्र बरोबर पडलं. एप्रिल 2025 पासून देशात विकल्या जाणाऱ्या सीसीटीव्ही कॅमेऱ्यांचे मूळ प्रोग्रॅम सरकारमान्य प्रयोगशाळेत तपासायला देणं बंधनकारक झालं. कंपन्यांनी कुरकुर केली, तरी सरकार हटलं नाही. चौकातल्या कॅमेऱ्यासाठी जे जमलं ते मंत्रालयाच्या आणि वकिलातीच्या यंत्रांसाठीही जमायलाच हवं.

स्वित्झर्लंडच्या संसदीय समितीने 2020 च्या नोव्हेंबरात चौकशीचा अहवाल दिला आणि आपल्याच गुप्तचर खात्याला हे 1993 पासून माहीत होतं, असं स्वतःच्या देशाविरुद्ध लिहून ठेवलं. ज्यांनी फसवायला जागा दिली त्यांनी चौकशी केली. जे फसले त्यांच्या संसदेने मात्र अशी समिती नेमली नाही. कुठल्या खात्याने, कोणत्या साली, किती यंत्रं, किती पैशांना घेतली, ती कोणी तपासली आणि खरेदीच्या कागदावर सही कोणाची आहे? 1995 चा इशारा छापून आल्यावर ती बंद केली की तशीच चालू ठेवली? रायगडच्या खासदारांनी संसदेत विचारावेत असे हे प्रश्न आहेत, आणि त्यांची उत्तरं देशाला लेखी मिळायला हवीत.